बारा टोपल्या

शास्त्रपाठ : योहान ६:१-१३



पाच भाकरी व दोन मासळ्यांनी पाच हजारांना तृप्त करणाऱ्या प्रभूला उरल्यासुरल्या तुकड्यांची काय गरज होती? मनात आणले असते तर दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तितकेच दिले असते. तरीही त्याने शिष्यांना तुकडे वेचावयास लावले आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्काराचे आपल्याला नवल वाटते. टोपल्यांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. देवाने विपुल दिले म्हणून ते वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हा त्या टोपल्यांचा धडा आहे.

मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या इंदूर शहराने हा धडा एका परीने गिरवला आहे. तेथे देवगुराडिया येथील कारखान्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो वायू तयार करण्याची त्याची तेव्हा क्षमता होती. भाज्यांची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न हवाबंद टाक्यांत कुजवतात. त्यातून निघणारा मिथेन वायू शुद्ध करून बसगाड्यांत भरतात, आणि राहिलेल्या चोथ्याचे खत होते. हाच कचरा उकिरड्यावर कुजला असता, तर तोच वायू आकाशात जाऊन पृथ्वीचा ताप वाढवता.

पण हे काम यंत्राने सुरू होत नाही. ओले व सुके वेगळे ठेवणाऱ्या हातांनी ते स्वयंपाकघरात सुरू होते.

त्याच इंदुरात बससाठी सुमारे ११ किलोमीटरचा राखीव मार्ग २०१३ साली सुरू झाला होता. वाहनांची कोंडी होते अशी तक्रार झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढण्यास अनुमती दिली. त्या निर्णयाचा न्याय करणे आमचे काम नाही. परंतु कोंडी नेमकी कशाने होते, हे तरी आपण स्वतःला विचारू या. एका बसमध्ये पन्नास जण बसतात. तितकीच जागा अडवणाऱ्या दोन-तीन मोटारींत बहुधा तीन-चारच. इंधन कितीही शुद्ध केले, तरी रस्ता एकट्यादुकट्यानेच अडवला तर शहराला श्वास कसा मिळणार?

आता आपल्या मंडळीकडे पाहू. रविवारी एकाच गल्लीतून तीन स्कूटर आणि दोन मोटारी उपासनेला येतात. मोटारीत मागची आसने रिकामी असतात. त्याच गल्लीतील एखादी वृद्ध भगिनी मात्र आणणारे कोणी नाही म्हणून घरीच प्रार्थना करीत बसते. ते रिकामे आसन हाही वाया गेलेला तुकडाच नव्हे काय? हे लिहिताना आम्हीही निर्दोष नाही. आमच्याही शेजारचे आसन किती रविवार रिकामे गेले आहे.

बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने, ज्या नगरात आहात त्याचे हित साधा व त्यासाठी प्रार्थना करा, असे कळवले होते. आपणही जेथे वसलो तेथले हित आपल्यावर सोपवलेले आहे. म्हणून येत्या रविवारी निघण्यापूर्वी शेजारचे एक दार ठोठावू या. बस जात असेल तर सर्वांनी मिळून बसनेच जाऊ या.

हे प्रभो, तू दिलेले वाया न घालवण्याची बुद्धी आम्हांला दे, आणि आमच्या टोपल्या रिकाम्या राहू देऊ नकोस. आमेन.