दिसलं की!

एका नगरपरिषदेच्या संकेतस्थळासाठी नवी प्रणाली आली. निविदा, जाहीर सूचना, पाण्याच्या वेळा, ज्या विभागाचं काम त्यानंच चढवायचं असा बेत. प्रणाली बांधणारा तरुण हुशार. प्रत्येक बटण त्यानं शंभरदा दाबून पाहिलेलं. (आपल्या हातची भाजी आपणच चाखायची, तसं ते. असो.) जाडजूड माहितीपुस्तिका झाली, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, समोसेही झाले.

महिना उलटला तरी संकेतस्थळ रिकामंच. आत पाहिलं तर ढीगभर सूचना 'मसुदा' म्हणून पडून!

"यांना शिकायचंच नाही," तरुण वैतागला. "पुन्हा प्रशिक्षण ठेवू."

त्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा पाच जणांच्या मागे जाऊन बसू."

पाचाचा हा हिशेब वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचा. पाच जणांना काम करताना नीट पाहिलं, तर सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असं त्यांनी २००० साली लिहिलं होतं. वापरणाऱ्यानं मनातलं मोठ्यानं बोलायचं आणि पाहणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं. दुसरी अट भारी अवघड.

पहिल्या दोघांनी श्रीलिपी फाँटमध्ये टंकलेला जुना मजकूर आणून चिकटवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. "हे नेहमीचंच," म्हणत त्यांनी छापील प्रत काढली, स्कॅन केली, पीडीएफ जोडली आणि 'जतन करा' दाबून उठले. तरुणानं जीभ चावली.

तिसऱ्या आल्या निवृत्तीला टेकलेल्या लिपिक मॅडम. इनस्क्रिप्ट कळफलकावर बोटं अशी चालली की बघत राहावं. निविदा सूचना बिनचूक झाली, 'जतन करा' दाबलं. मग बाण 'प्रकाशित करा'वर गेला, क्षणभर थांबला, मागे फिरला. मॅडमनी लॉगआउट केलं.

तरुणाला राहवेना. "मॅडम, ते हिरवं बटण दिसलं नाही का?"

"दिसलं की!"

"मग दाबलं का नाही?"

"अहो सर, प्रकाशित करणारी मी कोण? मी टिप्पणी लिहिते, मान्यतेस्तव सादर करते. अधीक्षक बघतात, मुख्याधिकारी साहेब सही करतात. ते बटण साहेबांचं असणार."

"पण साहेबांकडे हे गेलंच नाही!"

"जतन केलं की जात असेल, असं वाटलं मला." मॅडम जरा विचारात पडल्या. "म्हणजे महिनाभर साहेब माझी वाट बघतायत, नि मी त्यांची?"

तरुणानं वही उघडली. "कागद वर पाठवताना तुम्ही नेमकं काय म्हणता, मॅडम?"

"सादर."

त्यानं तो शब्द लिहून घेतला. तेवढ्यात चौथे लिपिक दारात आले. तरुणानं खुर्ची आणखी मागे ओढली आणि तोंडावर हात ठेवून बसला.