उरलेले तुकडे आणि खाडीचा चिखल



पाच भाकरी आणि दोन मासे यांची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. एवढ्याशा शिदोरीत पाच हजार पुरुष जेवले, हा चमत्कार आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो. पण योहानलिखित शुभवर्तमानात (६:१२-१३) त्या चमत्काराला लागूनच एक छोटीशी आज्ञा येते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. सगळ्यांची पोटे भरल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो. त्यातले काहीही वाया जाऊ नये, अशी त्याची इच्छा असते. ज्याने नुकतेच हजारोंना जेवू घातले, त्याला उष्ट्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांची काय गरज होती?

गरज नव्हती, ती त्याच्या घरची रीत होती. देवाच्या घरात काही टाकाऊ नसते. मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर दिल्यानंतर धर्मगुरू तबकातला कण न् कण पुसून घेतात, तो याच रीतीने. आणि हीच रीत देवाने आपल्या दाराशी असलेल्या खाडीलाही लावून दिली आहे.

आपली वसई दोन खाड्यांच्या मध्ये वसली आहे. दक्षिणेला उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, उत्तरेला त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा. या नद्या केवळ पाणी आणत नाहीत. सह्याद्रीतला कुजलेला पाला, शेतातली माती, गुरांचे शेण आणि वाटेतल्या शहरांचे सांडपाणी, सारे त्या घेऊन येतात. आपल्या वाडीत भाजीला, केळीला आपण जे नत्र आणि स्फुरद गोणीतून विकत आणून घालतो, तेच नत्र आणि स्फुरद नदीच्या पाण्यातून खाडीत येते.

गोडे पाणी आणि खारे पाणी जिथे एकत्र येते, तिथे टोपल्या भरायला सुरुवात होते. नदीत तरंगत आलेले मातीचे बारीक कण खारट पाणी लागताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. त्या मातीतल्या लोहाला धरून स्फुरदही खाली बसते. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा ही माती पसरते आणि पुन्हा गोळा करते. ज्याला आपण नाक मुरडून चिखल म्हणतो, तो म्हणजे डोंगराच्या जेवणावळीचे उरलेले तुकडे होत.

कालवे आणि शिंपल्या काढायला जाणाऱ्या आपल्या कोळी भगिनींना हा चिखल चांगला ठाऊक आहे. वरचा थर करडा, तपकिरी. पण पाय रुतवून बाहेर काढला की खाली काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. हवेतला प्राणवायू सहसा वरच्या काही मिलिमीटर चिखलापर्यंतच पोहोचतो. तिथले सूक्ष्म जीव कुजक्या पदार्थांतल्या अमोनियाचे नायट्रेट करतात. त्याखाली, जिथे प्राणवायू नाही, तिथले दुसरे जीव त्या नायट्रेटवर जगतात आणि त्यातले नत्र वायुरूपाने मोकळे करतात. ते पुन्हा हवेत जाते. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्रच असते. खेकडे आणि चिखलातले किडे बिळे करून खालच्या थरांनाही थोडी हवा पोहोचवतात. अशा रीतीने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते.

सगळेच नत्र हवेत जात नाही. उरलेल्यावर चिखलाच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे शेवाळ वाढते. ते शिंपल्या आणि बोईट खातात. तिवरांचा पाला खेकडे कुरतडतात. कोळंबीची पिल्ले तिवरांच्या मुळांत लपून मोठी होतात. त्यांच्यामागे जिताडा येतो. आणि शेवटी तो तुकडा आपल्या ताटात येतो. रविवारच्या जेवणाआधी आपण देवाचे आभार मानतो, तेव्हा त्या आभारात या चिखलाचाही वाटा आहे.

पण या व्यवहाराला एक माप आहे. केळीच्या एका बुंध्याशी आपण गोणीभर युरिया ओतला, तर केळ वाढत नाही, जळते. खाडीचेही तसेच आहे. मापाबाहेर नत्र आणि स्फुरद आले की शेवाळ बेसुमार माजते. ते मरून तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. प्राणवायू संपला की अमोनियाचे नायट्रेट होत नाही, आणि नायट्रेटच नाही तर नत्राचा हवेत जाण्याचा मार्ग बंद होतो. लोहाने धरून ठेवलेले स्फुरदही सुटून पुन्हा पाण्यात येते, आणि त्यावर आणखी शेवाळ वाढते. जो चिखल खाडी स्वच्छ करत होता, तोच आता तिचा आजार वाढवू लागतो.

ही गोष्ट खाडीच्या मुखापाशी थांबत नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचे पाणी खोल समुद्रातून निसर्गतःच वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की ही प्राणवायूची टंचाई तीव्र होत आहे आणि त्यातून तापमान वाढवणारा नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. जमिनीवरून वाहून जाणारे नत्र हे त्यामागचे संभाव्य कारण त्यांनी सांगितले.

बंधुभगिनींनो, रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा प्रत्येकाने गरजेपुरताच गोळा करायचा होता. ज्यांनी जास्त घेऊन ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली (निर्गम १६). देवाने दिलेली भाकरीही माप सोडले की नासते. खाडीच्या वासाने आपण नाकाला रुमाल लावतो, तेव्हा हा अध्याय आठवावा.

कोणी म्हणेल, हे काम पालिकेचे आणि कारखान्यांचे. त्याचा मिस्साशी काय संबंध? मोठा दोष मोठ्या गटारांचा आहे, हे खरेच. पण २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती, आणि त्या १२ लाखांत आपली घरेही होती. आपल्या घरामागची सेप्टिक टाकी भरली की आपण टँकर बोलावतो. तो टँकर कुठे रिकामा होतो, हे आपण कधी विचारले आहे का? खाजणात भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतीत घर घेताना, त्या जागी आधी काय होते, हे विचारले आहे का? आपण विचारत नाही. आणि त्याची किंमत सर्वांत आधी मोजतो तो पहाटे रिकामे जाळे घेऊन परतणारा कोळी बांधव, ज्याने खाडीत सर्वांत कमी टाकलेले असते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच दाखवून दिले. निसर्गात एकाचे उरलेले दुसऱ्याचे अन्न होते. माणसाचे उद्योग मात्र वापरतात आणि फेकतात. फेकण्याची ही सवय वस्तूंवर थांबत नाही, ती माणसांपर्यंत जाते, अशी त्यांची तळमळ होती.

आपण आजपासून सुधारलो, तरी खाडी उद्या निवळणार नाही. गाळात साठलेले स्फुरद पुढे अनेक वर्षे झिरपत राहते. आपल्याला यात नवल वाटू नये. पापनिवेदनात क्षमा त्याच क्षणी मिळते; पण केलेले नुकसान भरून काढण्याचे प्रायश्चित्त मागे उरतेच. खाडीच्या बाबतीत ते प्रायश्चित्त धीराने करण्याची तयारी आपण ठेवू या.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. टँकरवाल्याला गाळ कुठे नेतो ते विचारू आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर दुसरा शोधू. वाडीत खत मोजून घालू, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर घालणार नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा नाल्यात न टाकता झाडाच्या बुंध्याशी कुजवू. हेच आपले तुकडे, आणि याच आपल्या टोपल्या.

जन्मांध माणसाला दृष्टी देताना प्रभूने चिखलच हाती घेतला होता. हे प्रभू, आमच्या खाडीच्या चिखलाने आमचेही डोळे उघड. तू दिलेले वाया न घालवण्याची आणि माप न सोडण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.