स्नेह

‘स्नेह’ या शब्दाला तेल आणि प्रेम असे दोन अर्थ आहेत. दोन्ही घर्षण कमी करतात, म्हणून हा योग आपल्याला सहज पटतो. कोलकात्यातील वास्तव्यात एका जुन्या कळफलकाने मात्र मला त्याविषयी विचार करावयास लावले.

या शहरातील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली देशातील पहिला अंकीय संगणक सुरू झाला. माझा संगणक तेवढा पूज्य नव्हे, नुसताच जुना. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या काही कळा दाबल्यावर वर येईनात. मी शिलाई यंत्राचे तेल सोडले. कळा तत्काळ उसळल्या आणि पंधरवड्यात पूर्वीपेक्षा घट्ट रुतल्या. चांदनी बाजारातील एका वृद्ध कारागिराने कळीवरची टोपी उचलून आतला काळा राप दाखवला. “दादा, तेल कमी नव्हते, मळ जास्त होता.”

त्याने टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवल्या. कळीचा दांडा जेथे खोबणीत सरकतो, ती जागा स्पिरिटने पुसली. बहुतेक कळा तेवढ्यानेच मोकळ्या झाल्या. उरलेल्या एकीला त्याने सिलिकॉन ग्रीसचे पुसटसे बोट लावले. विजेच्या संपर्काची जागा मात्र कटाक्षाने कोरडी ठेवली.

तो मळ कोणाचा होता? चहातली साखर, बोटांचा घाम, घरातली धूळ : सारा माझाच. तेलाने तो निघाला नव्हता. उलट नवी धूळ धरून अधिक चिकट झाला होता.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणात मी गावी गेलो नाही. धाकट्या भावाने एकट्याने सारे निभावले. त्यानंतर दर दिवाळीला मी त्याला मायेने पत्र लिहीत आलो. त्या आजारपणाचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता. जेथे अपराधाची कबुली द्यावयाची, तेथे प्रेम देणे हा कबुली टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग असतो. ते प्रेम खोटे नसते. केवळ त्याची पाळी आलेली नसते.

मग प्रत्येक जुनी अढी उघडावीच काय? कारागिराने एका कळीची टोपी काढली नाही. प्लास्टिक ठिसूळ झाले होते. “ही तुटेल,” तो म्हणाला आणि तिच्या कडेनेच हलकेच ब्रश फिरवला. सत्यालाही हाताचा अंदाज लागतो. परंतु ठिसूळ काय आहे, भावाचे मन की माझा अभिमान, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

त्या रात्री, मोकळ्या झालेल्या कळांवर, मी पत्राचे पहिले वाक्य लिहिले : ‘बाबांच्या आजारपणात मी आलो नाही.’ मायना त्यानंतर सुचला.