पाय कुणाकडे?

भाद्रपद लागला की बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला आपली जागा द्यावी लागते. दारातून शिरताच दिसेल, दहा-पंधरा माणसं समोर उभी राहून आरती म्हणू शकतील आणि शेजारी विजेचं बटण असेल, अशी जागा मखराला लागते. नेमकी तीच वर्षभर टीव्हीनं धरलेली असते. पूर्वी तो जड खोका दोघांनी उचलून आत न्यायचा. आता टीव्ही भिंतीलाच जखडलेला असतो, म्हणून मखरामागचा पडदा त्याच्यावरूनच सोडतात.

जागा एक आणि दावेदार दोन.

वास्तुसल्लागारांकडे तोडगा तयार असतो: देवघर ईशान्येला, टीव्ही आग्नेयेला, कारण वीज म्हणजे अग्नी. परंपरेनं आग्नेय कोपरा चुलीचा. टीव्ही तिथं अलीकडे येऊन बसला. खरं तर बहुतेक घरांत दिशा ठरवते ती खिडकी. समोरून उजेड आला, की पडद्यावर मालिकेऐवजी आपलंच तोंड दिसतं.

टीव्ही आणि देव यांचा खरा पेच पडला तो 25 जानेवारी 1987 च्या रविवारी सकाळी. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं आणि 31 जुलै 1988 पर्यंत चाललं. कितीतरी घरांत लोक आंघोळी उरकून समोर बसत, टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. पाय पसरलेल्या मुलांना दटावलं जाई. देवाकडे पाय करू नयेत, हे खरं. पण इथं देव कुठं होता? काचेत, राम झालेल्या अरुण गोविल यांच्यात, की हात जोडणाऱ्यात?

शिकलेली मंडळी या भाबडेपणाला हसली. गणपती बसवणाऱ्याला मात्र हसायचा फारसा अधिकार नाही. कारखान्यातून आणलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत शाडूच असते; उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून ती जराशी हलवली, की देव निघाला. देवपण ठरावीक वेळेपुरतं येतं आणि जातं, हे ज्या घराला मान्य आहे, त्याला टीव्हीही तासाभरापुरता देव्हारा वाटला तर त्यात विसंगत काय?

फरक आहे तो वेगळाच. गणपतीला यजमान बोलावतो. रविवारचा राम दूरदर्शनच्या वेळेनं येई. शिवाय दर्शनात पाहणं दोन्ही बाजूंनी असतं. म्हणून तर पेणच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच देतात. टीव्ही दिसतो, बघत नाही.

पण या युक्तिवादालाही संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर आडवे येतात. औंढ्या नागनाथाच्या देवळात ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले नामदेवांना दिसले, अशी कथा आहे. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव ते पाय ठेवतील तिथं पिंड उगवली. या हिशेबात ईशान्यही संपते आणि आग्नेयही. मात्र नामदेवांसारखा साक्षात्कार न झालेल्या माणसाला दिवाणावर आडवं होताना पाय कुठंतरी करावेच लागतात.

विसर्जनाहून आल्यावर नदीची वाळू पाटावर ठेवून आरती होते. मखर बऱ्याच घरांत दुसऱ्या दिवशी निघतं. मधल्या रात्री तिथं देव नसतो, टीव्ही पडद्याआड असतो. खोलीत झोपायला आलेला पाहुणा तरीही उशी फिरवून पाय दुसरीकडे करतो.