जगात कायमची शांतता शक्य आहे काय?

विहारात वंदना झाल्यावर आपण सर्व प्राणिमात्र सुखी होवोत अशी कामना करतो. या 'सर्वां'मध्ये आपला शेजारी येतो, तसा देशाच्या सीमेपलीकडचा अनोळखी माणूसही येतो. कामना करून आपण घरी परततो आणि बातम्या ऐकतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर हल्ला होऊन एका दिवसात शेकडो माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये माणसे हजारोंनी मेली. त्यांत बायका व लहान मुले किती! मग घरातील एखादा तरुण मुलगा विचारतो, "रोज आपण जे म्हणतो, त्याला काही अर्थ आहे काय? जगात कायमची शांतता कधी तरी येणार आहे काय?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. श्रद्धेच्या नावाखाली तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. कोणतीही गोष्ट तपासून घ्या, असेच तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा हा प्रश्नही आपण तपासून पाहू.

या प्रश्नाला नेहमी दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, माणूस स्वभावतःच भांडखोर आहे, म्हणून युद्धे होतच राहणार. हे उत्तर ऐकले की आपल्या लोकांनी सावध व्हावे. कारण 'स्वभावतःच' हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलेला आहे. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे ग्रीसचा थोर पंडित ॲरिस्टॉटल याने लिहून ठेवले होते. काही माणसे जन्मतःच नीच असतात, असे आपल्याकडच्या शास्त्रांनी लिहिले होते. दोघेही विद्वान, दोघांनाही ती व्यवस्था जगाच्या आरंभापासूनची वाटत होती. तरीही गुलामगिरीचे कायदे अमेरिकेत १८६५ साली मोडले आणि अस्पृश्यता भारताच्या संविधानाने १९५० साली नष्ट झाल्याचे जाहीर केले. कायदा झाला म्हणजे सर्व संपले असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. परंतु ज्याला 'स्वभाव' म्हटले जात होते ती माणसांनी केलेली व्यवस्था होती, एवढे मात्र सिद्ध झाले. युद्धही तसेच आहे. त्यासाठी कर बसवावे लागतात, कारखाने चालवावे लागतात, तरुणांना कवायत शिकवावी लागते, शेजाऱ्याचा द्वेष करायला शिकवावे लागते. ज्या गोष्टीसाठी एवढी शिकवण लागते ती केवळ स्वभाव कशी असेल?

दुसरे उत्तर गोड आहे. सर्वांनी मने शुद्ध करावीत, शांततेची शपथ घ्यावी, म्हणजे शांतता आपोआप येईल. अशी शपथ जगाने एकदा घेऊन पाहिली आहे. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये पंधरा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या की, आम्ही यापुढे राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग करतो. त्यांत जर्मनी, इटली व जपान हेही होते. पुढे साठहून अधिक राष्ट्रे त्यात सामील झाली. त्या कराराला मुदत नव्हती, म्हणजे तो कायमचाच होता. १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर, १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर आणि १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. कायमची शपथ अकरा वर्षे टिकली!

मग खरे उत्तर कोणते? येथे धम्माची एक मूलभूत शिकवण उपयोगी पडते. जे काही घडते ते कारणांमुळे घडते. कारण असले तर कार्य असते, कारण नाहीसे झाले तर कार्यही नाहीसे होते. कित्येक लोक 'सर्व अनित्य आहे' हे ऐकून म्हणतात, मग शांतताही टिकणार नाही. पण ते अर्धेच बोलतात. सर्व अनित्य असेल तर युद्धही अनित्य आहे, वैरही अनित्य आहे. ज्या कारणांवर ते उभे आहे ती काढून घेतली तर ते कोसळते. शांतताही कारणांवर उभी असते. ती कारणे जोवर माणसे जपतात तोवर ती टिकते.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही. एक उदाहरण पाहू.

फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी देश. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे त्यांच्यात सत्तर वर्षांत झाली. सरहद्दीवरील अल्सास हा प्रांत १८७१ मध्ये जर्मनीने घेतला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने परत घेतला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पुन्हा फ्रान्सकडे आला. तेथे एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा देश चार वेळा बदलला. १९१६ मध्ये एकट्या व्हर्दाँच्या लढाईत दोन्हीकडचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले.

वैर वैराला कसे वाढवते हेही येथे पाहण्यासारखे आहे. १८७१ मध्ये विजयी जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा कोठे केली? फ्रान्सच्या राजांच्या व्हर्साय येथील राजवाड्यात, आरशांच्या दालनात. १९१९ मध्ये फ्रान्स जिंकला तेव्हा हरलेल्या जर्मनीला तहावर सही करायला त्याच दालनात आणण्यात आले. १९१८ ची शस्त्रसंधी ज्या रेल्वेच्या डब्यात झाली होती, तोच डबा हिटलरने १९४० मध्ये संग्रहालयातून बाहेर काढायला लावला आणि त्यात फ्रान्सला शरणागतीची सही करायला लावली. प्रत्येकाने मागच्या अपमानाची व्याजासह फेड केली. धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात तथागतांनी वैराविषयी काय सांगितले आहे ते आपण जाणतोच. युरोपने ते कोट्यवधी प्रेते मोजून शिकावे, हे दुर्दैव!

हे चक्र थांबले ते कसे? ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी एक योजना मांडली. तोफा आणि रणगाडे कोळसा व पोलाद यांच्यापासून होतात. तेव्हा दोन्ही देशांचे कोळसा व पोलादाचे उत्पादन एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावे. म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नकळत युद्धाची तयारी करता येणार नाही. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी तसा करार केला. नऊ जणांचे मंडळ नेमले गेले. त्यांनी आपापल्या सरकारचा हुकूम घ्यायचा नाही, सर्वांचे हित पाहायचे, असा नियम झाला. पाच वर्षांपूर्वी जो हरला होता, ज्याने अनन्वित अत्याचार केले होते, त्या देशालाही या मंडळात बरोबरीचे स्थान मिळाले.

आणि लक्षात घ्या, हा करार कायमचा नव्हता. तो पन्नास वर्षांसाठी होता. १९५२ मध्ये तो अमलात आला आणि २००२ मध्ये मुदत भरून संपला. तोपर्यंत त्यातून दुसऱ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. १९६३ मध्ये दोन्ही देशांनी मैत्रीचा करार करून तरुण मुलामुलींना एकमेकांच्या देशात पाठवणारी संस्था काढली. २००६ मध्ये दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक निघाले, तेही दोन्हीकडच्या तरुणांनी केलेल्या सूचनेवरून. मी शिक्षक आहे. शत्रूबरोबर बसून इतिहासाचे पुस्तक लिहिणे ही किती कठीण गोष्ट आहे हे मला समजते. आपल्या विजयाच्या पानावर समोरच्याचे मरण लिहावे लागते. अल्सासमधील ज्या स्ट्रासबर्ग शहरासाठी रक्त सांडले, तेथे आज युरोपच्या संसदेचे अधिवेशन भरते. मुदतीशिवायची शपथ अकरा वर्षांत मोडली आणि मुदतीचा करार शांतता देऊन गेला, याचे रहस्य हेच की शपथेने कारणांना हात लावला नव्हता, कराराने लावला.

ही वाट आपल्याला अपरिचित नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची हकीकत दिली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा पेटला. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला की, दोष कोणाचा याची आधी चौकशी करावी. दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. शूमान यांच्या मंडळात आणि या पाच पंचांत तत्त्वाचा काय फरक आहे? ज्या वस्तूवरून भांडण, ती वस्तू दोघांच्या समान अधिकाराखाली आणायची. शाक्य संघाने बहुमताने सिद्धार्थाचे म्हणणे फेटाळले आणि त्याला त्याची किंमत देशत्यागाने मोजावी लागली. पुढे दोन्ही गणांनी तंटा लवादाने मिटवायचे ठरवले. ती बातमी ऐकूनही सिद्धार्थ घरी परतला नाही. त्याच्या ध्यानात आले की, राजाराजांमधील युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा भाग आहे. वर्गावर्गांत, घराघरांत जो संघर्ष सतत चालतो, तो दुःखाचे मूळ आहे.

या दृष्टीने युरोपच्या शांततेकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. ८ मे १९४५ रोजी युरोपात विजयाचा उत्सव चालू होता. त्याच दिवशी फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियात सेतिफ येथे स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दंगलीत युरोपीय वसाहतवालेही मारले गेले आणि नंतरच्या दडपशाहीत हजारो अल्जीरियन माणसे मारली गेली. शूमान योजना मांडत होते तेव्हा फ्रान्स व्हिएतनाममध्ये लढत होता. त्यानंतर १९५४ ते १९६२ अल्जीरियात युद्ध झाले. जर्मनाबरोबर पंच म्हणून बसणारा फ्रान्स अल्जीरियन माणसाबरोबर का बसला नाही? कारण जर्मन कालचा शत्रू असला तरी तो बरोबरीचा मानलेला होता. अल्जीरियन बरोबरीचा मानलेला नव्हता. तात्पर्य, समतेची हद्द जेथे संपते तेथेच शांततेचीही हद्द संपते.

संयुक्त राष्ट्रसंघाचे दुखणेही हेच आहे. १९४५ मध्ये ही संस्था निघाली, तिने पुष्कळ उपयुक्त काम केले. पण सुरक्षा परिषदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. पाचांपैकी एकाने आक्रमण केले, तर आरोपीच न्यायासनावर बसून निकाल अडवू शकतो. अशा पंचायतीवर दुबळ्यांचा विश्वास कसा बसावा?

आणि येथेच आपल्या लोकांनी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. सामसूम म्हणजे शांतता नव्हे. पूर्वी गावोगावचे पुढारी म्हणत, "आमच्या गावात कधी तंटा नाही, सगळे गुण्यागोविंदाने राहतात." तंटा नव्हता, कारण महारवाड्यातील माणूस पाणवठ्यावर जात नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि लगेच ओरड झाली की यांनी गावाची शांतता बिघडवली! खरे पाहता शांतता तेथे नव्हतीच. मार खाल्लेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही, पण गप्पही बसू दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. अन्याय सोसून गप्प राहणे आणि सूड उगवणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे, हे महाडने दाखवले. शांततेच्या नावाने दुबळ्याला गप्प बसायला सांगणारा माणूस शांततेचा मित्र नव्हे.

मग प्रश्नाचे उत्तर काय? डोंगरासारखी एकदा उभी राहिली आणि पुन्हा पाहावी लागली नाही, अशी शांतता शक्य नाही. गावच्या विहिरीसारखी शांतता मात्र शक्य आहे. विहीर खणावी लागते, तिच्यावर सर्वांचा सारखा हक्क असावा लागतो आणि दर उन्हाळ्यात गाळ उपसावा लागतो. गाळ उपसणारे हात प्रत्येक पिढीत मिळाले तर ती शंभर वर्षे पाणी देते. हे हात मिळतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच ती जबाबदारी आहे.

माझे नवदीक्षित कुटुंबांना एवढेच सांगणे आहे की, जगाचा न्याय करण्याआधी आपल्या वस्तीत आपण कोणाला बरोबरीचे मानत नाही, ते पाहावे. दीक्षा घेतल्यावरही सोयरीक जमवताना पोटजात विचारली जाते काय? घरातील सून सर्वांच्या मागून उरलेले खाते काय? आपल्याहूनही गरीब, पालात राहणाऱ्या माणसाला आपण दारात उभे करतो काय? विहाराच्या जागेवरून भांडण झाले तर दोन तुमचे, दोन आमचे आणि पाचवा दोघांच्या मताचा, असे बसण्याची आपली तयारी आहे काय? ज्यांना हे आपल्या वस्तीत जमणार नाही त्यांनी राष्ट्रांना दोष देऊ नये. ज्यांना जमेल, त्यांच्या मुलाने उद्या पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर त्याला दाखवण्यासारखे काही तरी त्यांच्यापाशी असेल.