‘बोलतेय’ म्हटलं तरी ‘साहेब’?

चि. मनीस,


परवा मी मेथी निवडत होते आणि तुझा फोन स्पीकरवर होता. तू स्वच्छ म्हणालीस, “हो, मीच बोलतेय.” तरी पलीकडून आलं, “साहेब, पार्सल घेऊन खाली उभा आहे.” तू पार्सल आणलंस, पण नंतर दिवसभर नुसतं हूं-हां चाललं होतं. तो ‘साहेब’ मी विसरले असते. तुझं गप्प होणं विसरता येईना.

आपल्या मराठीत क्रियापदच बाई की पुरुष ते सांगून टाकतं. पण त्या पोराने क्रियापद ऐकलंच नाही, ऐकली फक्त पट्टी. पुरुष साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या पट्टीत बोलतात, बायका २०० च्या आसपास. दीडशेच्या आगेमागे कान गोंधळतो आणि अंदाज ठोकून देतो. समोर माणूस दिसत असला तर डोळे कानाला सांभाळून घेतात. नाटकांत बायकांच्या भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचा गळा पुरुषाचाच होता, पण लोकांनी भामिनी ऐकली, सिंधू ऐकली. फोनवर ती सोय नाही.

तुझ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर जन्मापासून कमी आहे. त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसं तयार होत नाही आणि पुरुषी संप्रेरकं मात्र जास्त होतात. तुझं निदान उशिरा झालं. तोवर स्वरतंतू जाड होऊन आवाज उतरला होता. याच्या उलटही असतं. काही मुलींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, अंगात टेस्टोस्टेरॉनही असतं, पण त्यांच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. त्यांचा आवाज फुटत नाही, बाईचाच राहतो. तेव्हा आवाजावरून कुणाची गुणसूत्रं कळत नाहीत आणि बाईपण तर मुळीच नाही. घशावर कोणत्या संप्रेरकाचा किती अंमल चालला, एवढंच फार तर कळतं.

आता मावशी म्हणून चार गोष्टी सांगते. उतरलेला आवाज कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या गोळ्यांनी परत चढत नाही, म्हणून चिडून गोळ्या सोडायच्या नाहीत. त्या आवाजासाठी नाहीत, जिवासाठी आहेत. ताप आला की डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा, हे तुला पाठ आहेच.

दुसरं, न्हाणीघरात दार लावून बारीक आवाज काढायचा प्रयत्न करतेस, तो बंद कर. ओढूनताणून चढवलेल्या आवाजाने घसा बसतो, स्वरतंतूंवर गाठी येतात. आवाज बदलावासा वाटत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्र दाखव, मग स्पीच थेरपिस्टकडे जा. नुसती पट्टी चढवून भागत नाही. आवाज कुठे घुमतो, वाक्य कसं हेलकावे घेतं, यावरही ऐकणारा ठरवतो. ते सरावाने जमतं, पण महिने लागतात. शस्त्रक्रियेनेही पट्टी चढवता येते; त्यात आवाजाचा जोर आणि खालचे सूर जाऊ शकतात, तेव्हा ती अगदी शेवटी.

आणि बदलावासा वाटत नसेल, तर कुणासाठीही बदलू नकोस. गंगूबाई हनगलांचा आवाज तरुणपणी चढा, नाजूक होता. घशावरच्या उपचारांनंतर तो भरड, पुरुषी झाला. त्यांनी तोच लावला, कित्येक दशकं गायल्या आणि २००२ साली पद्मविभूषण झाल्या.

पुढच्या वेळी कुणी ‘साहेब’ म्हटलं तर एवढंच म्हण, “साहेब नाही, मॅडम बोलतेय.” आजार सांगू नकोस, माफी मागू नकोस. कान त्याचा चुकला आहे, तुझा गळा नाही. आणि रविवारी मला फोन कर. नाव सांगू नकोस, मी ओळखेन.

तुझी,
मावशी