सस्पेन्स खात्यातली शेळी

आमच्या घराण्यात आजवर कोणी ट्रक चालवलेला नाही. ट्रकखाली येता येता वाचलेले दोघे-तिघे आहेत, पण तो अनुभव नोकरीच्या अर्जात लिहिता येत नाही. वडील मास्तर होते, मेहुणे पंचायत समितीत, आणि मी बँकेत कारकून. म्हणजे एकूण खानदान बसून काम करणारं. तेव्हा अक्काचा धाकटा एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, "मामा, मी लांबच्या लाइनवर ट्रक घेऊन जायलो," तेव्हा माझ्या हातातली चहाची बशी बशीसारखी राहिली नाही.

"अरे, बी. कॉम. झालास ना तू?" मी विचारलं.

"तुम्ही बी झालाव की," तो म्हणाला.

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आम्ही राहतो विष्णुपुरीला, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. गोदावरीवरचा प्रकल्प इथला. अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 साली निघालं, 1994 साली विद्यापीठ आलं, पुढं वैद्यकीय महाविद्यालयही शहरातून इकडं आलं. थोडक्यात, मराठवाड्यातली ज्यांची ज्यांची मुलं हुशार, ती सारी आमच्या दारावरून जातात. बाकीच्यांचीही जातात, पण ती ट्रकमधून. अक्काला हा फरक फार लागला. "लोक पोरगी देणार नाहीत रे," ती म्हणाली. मेहुण्यांनी पेपर तोंडासमोर धरला तो उलटा होता.

मी मात्र मामा या नात्यानं चौकशी केली. कळलं ते असं, की हे काम आमच्या कारकुनीइतकं सोपं नाही. हलक्या वाहनाचा परवाना आधी वर्षभर जवळ असावा लागतो, वय वीस पूर्ण लागतं, मग कुठे मालवाहू गाडीचा शिकाऊ परवाना. मी बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी लोकांच्या पैशाला हात लावला होता, आणि कोणीही "आधी वर्षभर हलके पैसे मोजून या" असं म्हटलं नव्हतं.

पहिली फेरी ठरली लातूरची तूरडाळ घेऊन कोलकात्याला. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, मग यवतमाळ, वर्धा, नागपूर आणि पुढं रायपूर. एकूण दीड हजार किलोमीटरांच्या वर. गाडी दहा चाकी, भरल्यावर वजन अठ्ठावीस टनांच्या आसपास. गाडीवर मुख्य ड्रायव्हर एक वयस्कर उस्ताद आणि हा दुसरा. मालाबरोबर ई-वे बिल असतं. 2021 पासून त्याचा हिशेब असा, की दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या चेकची मुदतसुद्धा सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली ती 2012 साली. मुदत संपणाऱ्या कागदाशी माझं जुनं नातं आहे.

"आणि रोज किती तास चालवायचं?" मी विचारलं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास ठरवले होते, हे मी कुठंतरी वाचलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "माल उतरवून घेणारा कायदा वाचून वाट बघत नसतो."

निघताना ट्रक विष्णुपुरीवरून जाणार म्हणून आम्ही सारे रात्री रस्त्यावर उभे राहिलो. अक्कानं नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी उपदेश दिला. तो काय दिला हे आता मला आठवत नाही आणि त्यालाही आठवत नाही, म्हणजे उपदेश नेहमीच्या प्रतीचा असणार. उस्तादांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाले, "ताई, काळजी करू नका. पोरगं माझं समजा." ट्रक गेला. त्याच्या मागचं लाल दिव्याचं ठिपकं बराच वेळ दिसत होतं. माणूस नोकरीला लागला की इतका लांब दिसेनासा होईपर्यंत जातो, हे आमच्या घरात प्रथमच घडत होतं. मी लागलो तेव्हा संध्याकाळी साडेसहाला परत आलो होतो.

पंधरा-सोळा दिवसांनी तो परतला. वाळला होता, काळवंडला होता, पण ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की तो जेवताना ताटाकडं बघत बसला. अक्का आत गेल्यावर म्हणाला, "मामा, एक विचारू का? तुम्ही हिशेबाचे माणूस."

गोष्ट अशी घडली होती. जाताना महागाव सोडल्यावर, आर्णीच्या अलीकडं, पहाटेची वेळ. उस्ताद मागं झोपलेले, गाडी ह्याच्या हातात. वेग बेताचा, दिवे चालू, झोप पुरेशी झालेली. रस्त्याकडेच्या झुडपातून एक शेळी एकदम आली. ब्रेक लावला, पण अठ्ठावीस टन म्हणजे काही सायकल नव्हे. धप्प असा आवाज झाला. उस्ताद उठले, आरशात बघितलं आणि म्हणाले, "थांबू नको. गाव जमलं तर शेळीची किंमत हत्तीइतकी होते, आणि हाडं मोडतात ती वेगळी." ह्यानं गाडी पुढं नेली.

"आता सांगा मामा," तो म्हणाला, "माझी चूक होती का?"

आता खरं सांगायचं तर ड्रायव्हर लोकांनी पळून जाण्याबद्दल माझी मतं फार कडक होती. 2024 च्या जानेवारीत पहिल्या-दुसऱ्या तारखेला ट्रकचालकांनी चक्का जाम केला, महाराष्ट्रात ठिकठिकाणी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा माझ्या स्कूटरच्या टाकीत थेंबभर पेट्रोल होतं आणि डोक्यात भरपूर नीतिशास्त्र होतं. नव्या न्याय संहितेत, माणसाचा जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती. ड्रायव्हर म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो. मी काउंटरवर बसून म्हणत होतो, "मारू दे की! चूक केली तर सोसायला नको?" पुढं 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं, आणि मी त्यावरही दोन दिवस हळहळलो. दुसऱ्याच्या हाडांच्या बाबतीत मी पहिल्यापासून तत्त्वनिष्ठ आहे.

पण आता समोर भाचा होता, आणि मार त्याच्या पाठीवर पडला असता. मतं एकदम मऊ झाली. मी कागद घेतला आणि दोन नोंदी वेगळ्या केल्या. पहिली नोंद, शेळी मेली. वेग बेताचा, दिवे चालू, झोप झालेली. दोष शून्य. दुसरी नोंद, थांबला नाहीस. इथं मात्र दोष आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात जखमी माणसाला मदत करण्याचं बंधन घालताना जमावाच्या रागाचा अपवाद खुद्द कायद्यानंच लिहून ठेवलाय. पण शेळी ही दुसऱ्याची मालमत्ता. तिची खबर चोवीस तासांच्या आत ठाण्यात द्यायची होती, ती दिली नाही.

"म्हणजे दुसऱ्या नोंदीचे पैसे भरायचे," मी म्हणालो, "आणि पहिली नोंद खोडून टाकायची. खातं बंद."

"दुसरी भरली की," तो म्हणाला.

येताना त्यानं त्याच गावाजवळ गाडी थांबवली होती. उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, असा ड्रायव्हर मालकाला बुडवतो. हा चालत गेला, विचारत विचारत शेळीवालीच्या घरी पोचला. म्हातारी होती. ह्यानं सांगितलं, पहिल्या पगाराची उचल पुढं केली. तिनं पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, "लेका, त्या दिवशी तुला लई शिव्या दिल्या रे. आता त्या माघारी कशा घेऊ? बस, चहा घे." हा चहा घेऊन आला.

"मग झालं की!" मी म्हणालो.

"नाही झालं, मामा. पैसे दिले, माफी मागितली. तरी तो आवाज येतोच. चूक नव्हती म्हणता तुम्ही. मग येतो कशाला?"

बँकेत तीस जणांची रांग मी एका हातानं आवरतो, पण ह्या प्रश्नाला मला टोकन देता येईना. शेवटी आमच्या कॉलनीतल्या, तत्त्वज्ञानाचा नाद असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडं गेलो. ते आनंदानं उठून बसले. त्यांच्याकडं एरवी लोक फक्त शिडी मागायला जातात. ते म्हणाले, अहो, ह्या विषयातला सगळ्यांत नामांकित माणूस ट्रक ड्रायव्हरच आहे! बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं 1976 साली हाच दाखला घेतला. एका लॉरीवाल्याच्या गाडीखाली, त्याचा काही दोष नसताना, एक मूल येतं. त्याला जे वाटतं ते बाजूला उभ्या राहून बघणाऱ्याला वाटत नाही. आपण त्याची समजूत घालतो, घालायलाच हवी. पण तो फार लवकर समजूत घालून घेऊन "हो की, माझी काय चूक!" म्हणत शीळ घालू लागला, तर आपल्यालाच त्याच्याबद्दल शंका येते. त्याच वर्षी थॉमस नेगेल नावाच्या दुसऱ्यानं उलटा ड्रायव्हर आणला, ब्रेक तपासून न घेणारा. त्याच्या गाडीसमोर मूल आलं तर तो आयुष्यभर पोळतो, न आलं तर घरी जाऊन जेवतो. निष्काळजीपणा तितकाच.

मी घरी येताना ह्या दुसऱ्या ड्रायव्हरचाच विचार करीत होतो, कारण तो मला ओळखीचा वाटला.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असतात. माणूस जिवंत आहे हे त्यानं स्वतः येऊन सिद्ध करायचं, डोळ्यांनी दिसून चालत नाही. एका खेड्यातून एक आजीबाई आल्या, शुक्रवारी, दुपारी उशिरा. अंगठ्याचं यंत्र चालेना, सर्व्हर बंद. कागदी फॉर्म कपाटात, कपाटाची चावी साहेबांकडं, साहेब रजेवर. मी म्हणालो, "सोमवारी या." त्या म्हणाल्या, "आजच लिहून घ्या की साहेब, मी आलेय ना." मी हसलोसुद्धा. सोमवारी त्या आल्या नाहीत. दहा दिवसांनी त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला. झोपेतच गेल्या, म्हणाला. म्हणजे माझ्यामुळं काही झालं नव्हतं. नियमानं माझा दोष शून्य. तपासनीस आला असता तरी पेन्सिलीची खूणसुद्धा केली नसती.

पण त्यांना मी बसा म्हटलं नव्हतं. घरी कशा जाणार, विचारलं नव्हतं. ह्याला काही कायदा लागत नाही. दर नोव्हेंबरात तेवढं एक वाक्य ऐकू येतं, "मी आलेय ना."

हे मी भाच्याला सांगितलं. आयुष्यात प्रथमच उपदेशाऐवजी काहीतरी दिलं. आणि म्हणालो, "बघ, आमच्याकडं सस्पेन्स खातं असतं. जी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही, ती तिथं ठेवायची. साहेबाला ते खातं आवडत नाही. लवकर शून्य करा म्हणतो. पण तुझी शेळी आणि माझी आजी, ह्या दोन नोंदी शून्य करू नयेत असं मला वाटतं. चूक नाही म्हणून शिक्षा नको. पण तुझ्या हातून घडलंय, म्हणून विसरही नको. ज्याच्या त्या खात्यात काहीच शिल्लक नाही, त्याच्या गाडीपुढून मी तरी रस्ता ओलांडणार नाही."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, चालवताना आठवलं तर हात कापतो."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. प्राध्यापकांकडंही नसावं. उत्तर उस्तादांकडं निघालं. येताना वर्ध्याच्या अलीकडं एका वळणावर उस्तादांनी पाय उचलून गाडी हळू केली आणि कपाळाला हात लावला. तिथं ना देऊळ ना दर्गा. हा विचारायला गेला, तर म्हणाले, "बावीस वर्षं झाली. काय ते विचारू नको." आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "आठवायचं ते स्टिअरिंगवर हात नसताना आठव. नाहीतर एकाचे दोन होतील. माझं एवढं एक वळण आहे, बाकी रस्त्याला मी ड्रायव्हर."

थांबू नको म्हणणारा माणूस हाच. मी कागदावर त्याच्या नावापुढं काय लिहावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाचा दुसऱ्या फेरीवर गेलाय. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालंय, पण ह्याची गाडी जुनी, तेव्हा हा अजून काळवंडून येणार. अक्का आता रात्री विष्णुपुरीला मुक्कामाला असली की हॉर्न ओळखायला शिकली आहे. दहातले नऊ चुकतात. मी मात्र कपाटाची दुसरी चावी मागून घेतली आहे. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा "सस्पेन्समध्ये एक जुनी नोंद आहे," असं सांगितलं. ते घाबरून लगेच सही करून मोकळे झाले.